नवे सिंक बसवताय? ओटा कापण्याआधी खालच्या मजल्याचा विचार करा

विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी, कळस या पट्ट्यातल्या अनेक सोसायट्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. मुले मोठी झाली, कर्ज फिटले, की घराचे नूतनीकरण निघते. सुरुवात बहुधा स्वयंपाकघरापासूनच होते. जुना कडप्पा काढून ग्रॅनाइट, जुन्या टाइल्सच्या जागी नव्या, आणि जुने उथळ, डाग पडलेले सिंक काढून मोठे, खोल, चकचकीत सिंक. दुकानात सिंक पसंत करायला अर्धा तास पुरतो. मिस्त्री म्हणतो, ‘एका दिवसाचे काम आहे.’ आणि बऱ्याचदा ते एका दिवसात होतेही.

खरी गोष्ट दीड-दोन महिन्यांनी कळते. खालच्या मजल्यावरचे शेजारी दारात उभे असतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला पिवळसर डाग पडलेला असतो, रंगाचे पोपडे निघू लागलेले असतात. सिंकखालचे ट्रॉलीचे कपाट उघडून पाहावे तर तळाचे प्लायवूड फुगलेले. आता नवा ओटा फोडायचा का, दोष प्लंबरचा की गवंड्याचा, खर्च कुणी करायचा, असे प्रश्न एकदम उभे राहतात.

सिंक ही स्वयंपाकघरातली दिवसातून सर्वाधिक वेळा वापरली जाणारी जागा आहे. ती बदलताना नेमके काय बदलते, चूक कुठे होते आणि ती कशी टाळता येते, ते समजून घेऊ.

सिंक बदलणे म्हणजे नेमके काय?

बाहेरून पाहता एक भांडे काढून दुसरे बसवायचे असते. प्रत्यक्षात एकाच वेळी तीन कामे होतात. पहिले, दगडाचे काम. ओट्यात नव्या मापाचे भोक कापावे लागते. दुसरे, येणाऱ्या पाण्याचे काम. नळ, अँगल कॉक, गरम-थंड पाण्याच्या लाइन, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जोडणी. तिसरे, जाणाऱ्या पाण्याचे काम. जाळी, वेस्ट पाइप, ट्रॅप आणि भिंतीतून डक्टमध्ये जाणारी सांडपाण्याची लाइन.

दुकानात चर्चा होते ती फक्त भांड्याची. गळती होते ती मात्र जवळपास नेहमीच दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात. शिवाय ही तिन्ही कामे तीन वेगळी माणसे करतात. दगडवाला भोक पाडून जातो, प्लंबर पाइप जोडून जातो, ट्रॉलीवाला त्याच्यापुढे कपाट लावून सगळे झाकून टाकतो. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी ठीक असते. तिघांचा मेळ घालणारे कुणी नसते. ते काम घरमालकालाच करावे लागते.

मोरी गेली, सिंक आले

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत भांडी घासायची जागा जमिनीवर होती. शहाबादी फरशीची मोरी, कडेला पाण्याचे पिंप, आणि बसून किंवा उकिडवे राहून घासलेली भांडी. पाणी सांडले तरी ते मोरीतच सांडे. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला तसा ओटा आला आणि मोरी ओट्याच्या उंचीवर चढली. पाश्चात्त्य देशांत या बदलाला वळण देणारी घटना म्हणून १९२६ च्या ‘फ्रँकफर्ट किचन’चे नाव घेतले जाते. वास्तुरचनाकार मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी कामगारांच्या घरांसाठी आखलेल्या या छोट्या स्वयंपाकघरात सिंक, भांडी निथळण्याची जागा आणि कपाट यांचा क्रम बाईच्या हालचाली मोजून ठरवला होता.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये मोरी पूर्ण गेली नाही. ती ‘ड्राय बाल्कनी’त जाऊन बसली. अनेक घरांत ओट्यावरचे सिंक भाज्या-तांदूळ धुण्यासाठी आणि मोठी भांडी ड्राय बाल्कनीत, असा व्यवहार आजही आहे. म्हणूनच नवे सिंक घेण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा: भांडी घासली जाणार कुठे आणि घासणार कोण? कुकर, पोळ्यांची परात, मोठी कढई सिंकमध्येच घासायची असेल तर माप वेगळे. ती बाल्कनीत जाणार असतील तर ओट्यावर मोठे सिंक घेऊन जागा अडवण्यात अर्थ नाही.

माप कसे ठरवायचे?

बाजारात सिंकची मापे आजही इंचातच सांगितली जातात. एका भांड्याच्या सिंकमध्ये २४ बाय १८ हे माप सर्रास मिळते. खोली ८, ९ किंवा १० इंच. घेताना तीन हिशेब करावेत.

पहिला हिशेब ओट्याच्या रुंदीचा. ओटा २४ इंच रुंद आणि सिंक १८ इंचांचे असेल तर उरतात ६ इंच. त्यातले साधारण तीन मागे नळासाठी लागतात आणि तीन पुढच्या काठाला उरतात. सिंक २० इंचांचे घेतले तर उरतात फक्त ४. मग एकतर नळ भिंतीवर न्यावा लागतो किंवा पुढची दगडाची पट्टी इतकी अरुंद होते, की बसवताना किंवा पुढे कधी कुणी जोर देऊन टेकले तर ती तडकू शकते. ग्रॅनाइट तडकतो तो बहुधा याच पट्टीवर, भोकाच्या कोपऱ्यापाशी.

दुसरा हिशेब पाठीचा. ओटा ३४ इंचांवर आणि सिंक १० इंच खोल असेल तर तळ जमिनीपासून २४ इंचांवर, म्हणजे दोन फुटांवर येतो. पाच फूट उंचीच्या बाईला प्रत्येक वाटी उचलायला वाकावे लागते. खोल सिंकमध्ये पाणी कमी उडते हे खरे. पण रोजचा अर्धा-पाऊण तास वाकून काढायचा असेल तर आठ किंवा नऊ इंच अधिक बरे. सिंक निवडताना ते वापरणाऱ्या व्यक्तीला दुकानात बरोबर न्यावे. त्यात घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीही आल्या.

तिसरा हिशेब सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. जुने सिंक ७ इंच खोल होते आणि नवे १० इंच आहे. म्हणजे पाणी बाहेर पडण्याचे तोंड ३ इंच खाली आले. पण भिंतीतले सांडपाण्याच्या लाइनचे तोंड जुन्याच उंचीवर आहे. ट्रॅप बसायला जागाच उरत नाही. मग प्लंबर लवचिक पाइप कसातरी वळवून वर चढवतो, त्यात पाणी साचते, तेलकट गाळ बसतो आणि काही महिन्यांत सिंक तुंबू लागते. म्हणून सिंक विकत घेण्याआधी जमिनीपासून भिंतीतल्या तोंडाची उंची मोजावी आणि तो आकडा प्लंबरला दाखवावा. तोंड खाली घ्यायचे असेल तर ते टाइल्स लागण्याआधीच घ्यावे लागते.

३०४ आणि २०२ : स्टीलमधला फरक काय?

न गंजणारे पोलाद १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअरली यांनी पुढे आणले. त्यातले क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार करते. हा थर म्हणजेच स्टीलचे कवच. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. भांड्यांवर दिसणारा ‘१८/८’ हा आकडा तोच. २०२ या प्रतीत निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणलेले असते आणि त्याची जागा मँगेनीज घेते. त्याहून स्वस्त प्रतींत निकेल आणखी कमी असते. निकेल कमी म्हणजे किंमत कमी, पण मीठ, चिंच, क्षार आणि क्लोरीन यांच्यापुढे टिकावही कमी.

दुकानात अनेकदा लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असे दाखवले जाते. ही परीक्षा फसवी आहे. २०२ लाही चुंबक फारसे चिकटत नाही. उलट, दाबून आकार दिलेल्या ३०४ च्या सिंकच्या कोपऱ्यांना ते थोडेसे चिकटू शकते. प्रतीचा उल्लेख बिलावर लिहून घेणे हा त्यापेक्षा भरवशाचा उपाय. घरगुती स्टील सिंकसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३९८३ हे मानक आहे. त्याचा उल्लेख आणि मानकचिन्ह आहे का, ते पाहावे.

जाडी गेजमध्ये सांगितली जाते आणि तिथे आकडा उलटा चालतो. आकडा लहान, तर पत्रा जाड. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, तर २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास. पातळ पत्र्यावर कुकर आपटला की पोचा येतो आणि पाणी पडल्याचा आवाजही मोठा होतो. सिंकच्या तळाला खालून रबरी पॅड असेल तर आवाज कमी होतो.

क्वार्ट्झचे काळे-करडे सिंक दिसायला देखणे असते, ओरखडेही कमी दिसतात. मात्र जड पितळी पातेले किंवा खलबत्ता हातून निसटला तर त्याचा टवका उडू शकतो, आणि बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर उठून दिसतात.

वरून बसवायचे की खालून?

वरून बसवलेल्या सिंकचा काठ ओट्यावर टेकतो. वजन दगड पेलतो, बसवणे सोपे आणि पुढे कधी बदलायचे झाले तरी ओटा फोडावा लागत नाही. तोटा एवढाच, की काठाशी खरकटे आणि पाणी अडते.

खालून बसवलेल्या सिंकचा काठ दगडाखाली असतो. ओट्यावरचे पाणी सरळ सिंकमध्ये ओढता येते, दिसायलाही स्वच्छ. पण इथे सगळे वजन सांध्यावर येते. २४ बाय १८ चे, ९ इंच खोलीचे सिंक काठोकाठ भरले तर त्यात ५० लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे ५० किलो. त्यात भांड्यांचे वजन वेगळे. नुसत्या सिलिकॉनवर हा भार सोडता येत नाही. खालून लोखंडी अँगल, कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या किंवा कंपनीच्या क्लिपा हव्यातच. कारागीर ‘चिकटवतो, पक्के बसेल’ म्हणाला तर थांबवून आधार कशाचा ते विचारावे.

दोन्ही पद्धतींत सांधा भरायला पांढरे सिमेंट वापरण्याची जुनी सवय आहे. स्टील गरम पाण्याने प्रसरण पावते, सिमेंट तेवढे पावत नाही. थोड्याच दिवसांत बारीक फट पडते आणि पाणी आत झिरपते. बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट वापरावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट काही नैसर्गिक दगडांवर डाग पाडतो. दगडासाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचा मागावा. लावल्यानंतर किमान २४ तास सिंकला पाणी लागू देऊ नये.

ट्रॅप : न दिसणारा पहारेकरी

सिंकखालचा पाइप वाकडा का असतो? त्या वळणात थोडे पाणी कायम अडून राहावे म्हणून. हे अडलेले पाणी गटाराकडून येणारा वास आणि झुरळे यांना वर येऊ देत नाही. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये लंडनमध्ये शौचकूपासाठी अशा वळणाच्या पाइपाचे पेटंट घेतले. आज साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी ट्रॅपमध्ये अडलेले असावे असे मानले जाते. आपल्याकडे जमिनीतल्या जाळीखाली बसवतात त्या ‘नहाणी ट्रॅप’चे नाव तर थेट आपल्या न्हाणीशीच नाते सांगते.

जुन्या इमारतींत सिंकचा लवचिक पाइप सरळ खालच्या नहाणी ट्रॅपच्या जाळीत सोडलेला दिसतो. मध्ये उघडी फट राहते. पाणी जास्त आले की ते जाळीबाहेर उसळते, कपाटाखाली पसरते आणि फरशीच्या सांध्यांतून खाली जाते. खालच्या घरातल्या डागाचे मूळ अनेकदा हेच असते. नूतनीकरणात ही जोडणी बंदिस्त करून घेणे हे नव्या सिंकपेक्षाही मोलाचे काम आहे.

ट्रॅप कोणता? वॉश बेसिनखाली दिसणारा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप जागा कमी घेतो, पण त्याचा आतला मार्ग अरुंद असतो. स्वयंपाकघरातले तेल, तूप, भाताची शिते त्यात लवकर अडकतात. सिंकसाठी उघडून साफ करता येईल असा ‘पी’ आकाराचा ट्रॅप बरा. तिथून भिंतीपर्यंतच्या आडव्या पाइपाला ४० ला १ असा उतार असावा, म्हणजे एक मीटरला अडीच सेंटिमीटर. उतार कमी असेल तर गाळ बसतो. म्हणूनच सिंक डक्टच्या भिंतीपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे असेल तर दहादा विचार करावा. शेगडी आणि सिंक यांत अंतर ठेवावे असे वास्तूवाले सांगतात. वास्तू मानो वा न मानो, तापलेल्या तेलात पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून दोन फुटांचे अंतर शहाणपणाचेच.

घर बंद करून मे महिन्यात गावाला गेल्यावर परत येताच वास येतो, तोही ट्रॅपमुळेच. अडलेले पाणी वाळून गेलेले असते. दोन तांबे पाणी ओतले की वास थांबतो.

नळ घेताना पाण्याचा दाब का पाहायचा?

विश्रांतवाडीसह शहराच्या पूर्व भागासाठीच्या भामा आसखेड पाणी योजनेचे लोकार्पण १ जानेवारी २०२१ रोजी झाले. खेड तालुक्यातल्या धरणातून आलेले हे पाणी असो, बोअरवेलचे असो वा टँकरचे, बहुतेक सोसायट्यांत ते आधी जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून घरात येते. म्हणजे नळाचा दाब ठरतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर. हिशेब सोपा आहे. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी नळापासून जेमतेम ३ मीटर उंच असेल, तर दाब मिळतो ०.३ बार. ओढून बाहेर येणाऱ्या शॉवरचा महागडा मिक्सर अशा घरात करंगळीएवढी धार देतो आणि दोष कंपनीला लागतो. नळ घेण्याआधी त्याला किमान किती दाब लागतो ते खोक्यावर वाचावे.

बोअरवेलचे पाणी जड असेल तर नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी भरते. फिरवून काढता येणारी जाळी असलेला नळ घ्यावा. काही आठवड्यांनी ती काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली की मोकळी होते.

लाइन बदलायची असेल तर जुन्या गंजलेल्या जीआय पाइपांचा एखादाच तुकडा बदलून भागत नाही; नव्या-जुन्याच्या जोडावरच पुढची गळती होते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप लागतो, साधा यूपीव्हीसी चालत नाही. पाणी शुद्ध करणारे यंत्र, त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी आणि पुढेमागे डिशवॉशर घ्यायचा विचार असेल तर त्याची जोडणी, हे सगळे पॉइंट आताच काढून ठेवावेत. आणि सिंकखाली स्वतंत्र अँगल कॉक हवाच. मध्यरात्री नळ तुटला तर गच्चीवर धावत जावे लागू नये.

परवानगी आणि खर्च : नियम काय सांगतात?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्याआधी समितीची परवानगी घ्यावी लागते. सिंक तिथेच बदलायचे असले तरी ओटा फोडणे, भिंत खोदणे, डक्टमधल्या लाइनला हात लावणे यांसाठी लेखी कळवलेले बरे. कामाच्या वेळा, लिफ्टमधून सामान नेण्याचे नियम आणि पाणी बंद करण्याची वेळ तेव्हाच ठरते.

गळतीबाबतही उपविधी पुरेसे स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची, तसेच बाहेरच्या सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइनची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी. मात्र शौचालय, सिंक आदींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी परस्पर समन्वयाने करायचा आहे. उपविधींत ‘सिंक’ हा शब्द नाव घेऊन आला आहे, यावरूनच हा वाद किती घरोघरचा आहे ते लक्षात यावे.

व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की वाद सोसायटीच्या बैठकीत नेण्याआधी दोन्ही घरांनी मिळून पाणी कुठून येते ते शोधावे. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी खालच्या घरी जाऊन छताचे दोन-चार फोटो काढून ठेवावेत. डाग आधीचा की नंतरचा, हा प्रश्नच मग उरत नाही. शिवाय निमित्ताने बोलणे होते.

कामाचा योग्य क्रम कोणता?

आधी सिंक आणि नळ विकत आणून घरात ठेवावे, मगच दगड कापायला घ्यावा. खोक्यातला कागदी साचा किंवा प्रत्यक्ष सिंक उलटे ठेवून दगडावर खूण करावी. ‘२४-१८ चे माप मला पाठ आहे’ यावर विसंबू नये. कंपनीगणिक काठाच्या रुंदीत फरक असतो.

त्यानंतर भिंतीतल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, त्यांची पाणी भरून तपासणी, मग प्लास्टर आणि टाइल्स, मग ओट्याचा दगड, मग सिंक, सीलंट, आणि तो वाळल्यावर नळ, जाळी व ट्रॅप. ट्रॉलीचे कपाट सगळ्यांत शेवटी, आणि तेही तपासणी झाल्यावर. कपाटाच्या मागच्या फळीत ट्रॅप उघडण्याएवढी मोकळी जागा ठेवायला सांगावे.

दगड कापणे शक्यतो घराबाहेर, पाण्याची धार सोडत करावे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. कोरडे कापले तर तिची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि वर्षानुवर्षे अशी धूळ घेतल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होऊ शकतो. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपासही असू शकते. कामगारांना होणाऱ्या या आजारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. घरमालकाला धूळ एक दिवस सोसायची असते, कारागिराला रोज. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही; योग्य मास्क आणून देणे आणि पाण्याखाली कापायचा आग्रह धरणे एवढे तरी करता येते. पाणी आणि विजेचे कटर एकत्र येतात, म्हणून घरातला विजेचा धक्का रोखणारा ब्रेकर चालू स्थितीत आहे ना, तेही पाहावे.

प्लंबरचे पैसे देण्याआधी काय तपासायचे?

नळ सोडून पाणी जाते का एवढेच पाहिले जाते. ती परीक्षा पुरेशी नाही. हे चार प्रयोग करावेत.

- सिंकचे तोंड बंद करून ते काठोकाठ भरावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. जाळीच्या कडेने पाणी झिरपते का, सिंक खाली बसते का, ते दिसते.
- मग तोंड एकदम उघडावे. सगळे पाणी एकाच वेळी गेले की पाइपावर खरा ताण येतो. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. एक थेंब असला तरी तो ओला होतो.
- ट्रॅपखाली रात्रभर कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर डाग नसावा.
- ओट्यावर सिंकच्या काठाभोवती तांब्याने पाणी ओतून खालून टॉर्चने पाहावे. सांधा नीट भरला आहे की नाही ते कळते.

सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटते. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला ४.३ लिटर, वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी होते. यातले थोडे जरी स्लॅबमध्ये मुरले तरी आतल्या सळईला गंज चढायला ते पुरते.

नव्या सिंकचे आयुष्य कसे वाढेल?

भांडी घासण्याआधी खरकटे ओल्या कचऱ्यात टाकावे, चहाचा चोथा आणि तेल सिंकमध्ये सोडू नये. तेल पाइपात थंड होऊन थिजते आणि त्यावर शिते चिकटत जातात. तळणीचे उरलेले तेल कागदाने पुसून घ्यावे. शौचालय साफ करायचे आम्ल किंवा ब्लीच स्टीलच्या सिंकमध्ये वापरू नये; त्यातले क्लोराइड स्टीलचे कवच फोडते आणि टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके पडतात. लोखंडी तारेच्या घासणीचे कणही असेच गंज सोडतात. रात्री शेवटचे भांडे घासून झाल्यावर सिंक कोरडे पुसावे. एवढ्याने क्षारांचे डाग निम्म्याहून कमी होतात.

काम काढायचे कधी?

विश्रांतवाडीकरांसाठी कॅलेंडरला एक जास्तीची खूण असते. ज्येष्ठात संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून पुण्याकडे येते, तेव्हा आळंदी रस्ता वाहनांना बंद असतो आणि अनेक घरांत वारकऱ्यांसाठी चहा-फराळाची तयारी असते. त्या आठवड्यात दगडाचा टेम्पो सोसायटीपर्यंत पोहोचणार नाही आणि ओटा फोडलेला असेल तर पाहुणचारही होणार नाही. गणपती-दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत. पावसाळ्यात सीलंट आणि प्लास्टर वाळायला वेळ लागतो. दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सोयीचा. किमान तीन-चार दिवस स्वयंपाकघर बंद राहील असे धरून ड्राय बाल्कनीत तात्पुरती शेगडी आणि पाण्याची सोय आधी करून ठेवावी.

निघालेला राडारोडा रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात टाकला जाणार नाही, हे ठेकेदाराशी आधीच बोलून घ्यावे. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी देशात २०१६ मध्ये स्वतंत्र नियम आले; तो घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचा नसतो. जुने स्टीलचे सिंक आणि पितळी नळ मात्र भंगारात चांगल्या भावाने जातात. ते ‘मिस्त्री घेऊन गेला’ असे होऊ देऊ नये.

सिंक निवडायला अर्धा तास पुरतो. भिंतीतल्या पाइपाची उंची मोजायला पाच मिनिटे आणि खालच्या घराची बेल वाजवायला दोन. ही सात मिनिटे आधी दिली, तर पुढे महिनोन्‌महिने जिन्यात शेजाऱ्यांची नजर चुकवावी लागत नाही.